दर्पण ॲपमधलं सावट

"उलटा व्हयना! आबाना फोटो उलटा व्हयना!"

सातपिंप्रीच्या मारुतीच्या पारावर कौतिक ओरडला तेव्हा आरती निम्म्यावर आली होती. टाळ थांबले. माणसं त्याच्याभोवती अशी दाटली की मागच्यांना एकमेकांच्या टोप्यांखेरीज काही दिसेना. कौतिकच्या हातातल्या मोबाईलमध्ये, दर्पणनाथ महाराजांच्या दर्पण ॲपवर, त्याच्या वडिलांचा, शालिग्राम आबांचा फोटो होता. कपाळावर गंध, ओठांवर गावाच्या ओळखीचं ते अर्धं हसू. फक्त हनुवटी वर होती आणि टोपी खाली. कौतिकने ॲप बंद केलं, पुन्हा उघडलं. मग अख्खा मोबाईलच बंद करून चालू केला. आबा उलटेच.

बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या कोकिळाने कमरेचा मोबाईल बाहेर काढला. तिच्याही मोबाईलमध्ये तेच ॲप होतं आणि त्यात तिच्या घरातल्या सगळ्यांचे फोटो होते.

मंडपातल्या उंच गादीवरून दर्पणनाथ महाराजांनी डोळे उघडले. गोरे, गुबगुबीत, हातात बोटाएवढ्या मण्यांची माळ. बोलायला लागले की समोरच्या माईकलाही घाम फुटावा.

"भक्तहो, घाबरू नका! पूर्वी चित्रगुप्त चोपडीत लिहायचा. आता काळ बदलला. चित्रगुप्ताचं दप्तर क्लाऊडमध्ये गेलं! आत्मा म्हणजे सिग्नल. देह म्हणजे हँडसेट. ज्याचा सिग्नल वर ओढला जातो, त्याची छाया दर्पणात उलटी होते. यम येण्याआधी नोटिफिकेशन येतं!"

"जय दर्पणनाथ!" मंडप गरजला.

शालिग्राम आबा त्या वेळी जळगावच्या एका दवाखान्यात होते. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणत होते, सुधारणा आहे, अजून काही दिवस राहू द्या. पण महाराजांनी सांगितलं की दवाखान्याच्या भिंतींतून सिग्नल पोचत नाही, अनुष्ठान देहासमोरच व्हायला हवं. कौतिकने सही करून बापाला गाडीत घालून गावी आणलं. अनुष्ठान चालू असतानाच आबा गेले.

आता तुम्ही म्हणाल, यावर गावाने महाराजांना जाब विचारला असेल. छे! गाव म्हणालं, बघा, फोटोला आधीच कळलं होतं.

त्या दिवसापासून सातपिंप्रीत माणसं दात घासण्याआधी मोबाईल उघडू लागली. कोणाचा उलटा झाला? कोणाच्या गोठ्यावरच्या म्हातारीचा झाला, कोणाच्या गरोदर लेकीचा झाला. अनुष्ठान केलं, दक्षिणा दिली की एकदोन दिवसांत फोटो आपोआप सरळ होई आणि ते घर महाराजांच्या पायावर लोळण घेई. केळीच्या बागेत पाणी भरतानासुद्धा गडी एकमेकांना विचारत, "आज कोना?" हसण्यावारी विचारत, पण उत्तर ऐकेपर्यंत श्वास धरून ठेवत.

कोकिळाच्या घरी तो दिवस उजाडला तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती. सासूबाई, भिकुबाई, दारात मोबाईल घेऊन बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नसे, पण फोटो बघता येत होते.

"कोकिळा," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की कोकिळाने वळून पाहिलं. "हाई देख व माय. दिपू..."

दिपमाला, दिपू, कोकिळाची एकुलती एक मुलगी. चौथीत जाणारी. शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो, केसांत पिवळं फूल, पुढचा एक दात पडलेला. दिपू उलटी होती. ते फूल जमिनीकडे लटकलं होतं आणि तिचं हसणं असं काही दिसत होतं की कोकिळाला ते बघवेना. तव्यावरची भाकरी करपली तरी ती हलली नाही.

दिपूला साखरेचा आजार होता. लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर इन्शुलिन बनवायचंच थांबतं. रोज सुई घ्यावी लागे. ॲपमध्ये फोटो टाकताना विचारलं होतं, घरात कोणी आजारी आहे का, काय आजार आहे, शेती किती आहे. कोकिळाने सगळं खरं खरं भरलं होतं. देवापासून काय लपवायचं?

कोकिळा मंडपात गेली तेव्हा महाराजांनी फोटो पाहिला आणि बराच वेळ डोळे मिटून घेतले. गादीशेजारी त्यांचा शिष्य स्वप्नील मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. तो ॲपचं काम बघायचा, सगळे त्याला 'टेक्निकल सेवक' म्हणत.

"सुई," महाराज म्हणाले. "सुईतून परकं पाणी शरीरात जातंय. त्यानेच छाया फिरली. सुई बंद करा. अमावस्येपर्यंत फक्त अभिमंत्रित जल. आणि आईच्या गळ्यातलं सोनं दर्पणाला अर्पण."

"पण डॉक्टर म्हणतात..." कोकिळाने सुरुवात केली.

"डॉक्टर सिग्नल बघू शकतात का, माउली?"

घरी तिने नवऱ्याकडे पाहिलं. प्रेमराज साधा, कष्टाळू माणूस. तो खाली मान घालून बसला होता. "आबांचं काय झालं ते पाहिलं ना आपण," एवढंच तो म्हणाला.

"सुई बंद," भिकुबाई म्हणाल्या. "महाराजस्नी सांगं शे ना? मनी नात शे ती. मी काय तिनी दुश्मन शे?"

त्या रडत होत्या. हीच तर खरी अडचण होती. कोणीच दुश्मन नव्हतं. सगळे घाबरलेले होते आणि घाबरलेली माणसं मिळून एका पोरीचं औषध बंद करत होती.

कोकिळाने सुई बंद केली; सोनं अमावस्येला अर्पण करायचं ठरलं.

पहिल्यांदा दिपूला तहान लागली. ती तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागली आणि सारखी परसात जाऊ लागली. कोकिळा स्वतःला समजावत राहिली की हे अभिमंत्रित पाण्याचं काम चाललंय, विष बाहेर पडतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीने ओकारी काढली आणि भिंतीला टेकून बसली. श्वास भराभर, खोल, पळून आल्यासारखा. कोकिळाने तिचं तोंड पुसलं, आणि तिला वास आला. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा गोडसर वास.

तिने खोलीभर पाहिलं. घरात एकही केळं नव्हतं. वास दिपूच्या श्वासाचा होता.

दिपू पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा चोपड्याच्या डॉक्टरीणबाईंनी नेमकं हेच सांगितलं होतं. श्वासाला फळासारखा वास आला तर एक मिनिटसुद्धा थांबू नका. एकीकडे उलटा फोटो, दुसरीकडे हा वास. दोन्हीकडे कोकिळाला मरणच दिसत होतं. फरक एवढाच होता की फोटो मोबाईलमध्ये होता आणि वास तिच्या मांडीवर.

तिने दिपूला उचललं. "कथी चालनी?" भिकुबाई मागून ओरडल्या. कोकिळाने वळून पाहिलं नाही. वस्तीवरून निघालेल्या एका टेम्पोला हात केला आणि चोपडा गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी दिपूला पाहताच नर्सला हाक मारली. सलाईन लागलं, इन्शुलिन सुरू झालं. त्या रागावल्या नाहीत, आणि त्यामुळेच कोकिळाला जास्त भीती वाटली. "आज संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मला काही करता आलं नसतं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दिपूने डोळे उघडून पेज मागितली. कोकिळाने तिला भरवली, पण तिचा दुसरा हात मोबाईलवर होता. ॲपमध्ये दिपू अजून उलटीच होती. पोरगी समोर हसत होती, तरी कोकिळाची नजर त्या उलट्या हसण्यावरून हटेना.

तेवढ्यात मिसबाह डबा घेऊन आली. मिसबाह कोकिळाची चोपड्याच्या शाळेतली मैत्रीण. आता तिथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. मुलांना मोबाईलची ॲप्स बनवायला शिकवायची. कोकिळाने तिला सगळं सांगितलं. मिसबाह हसेल असं तिला वाटलं होतं. पण मिसबाहने मोबाईल मागून घेतला.

"हा फोटो तू कशाने काढला होतास?"

"याच मोबाईलने."

मिसबाहने ॲप बंद केलं आणि मोबाईलची गॅलरी उघडली. तिथे तोच फोटो होता. पिवळं फूल वर, हनुवटी खाली. दिपू अगदी सरळ.

"गॅलरीत सरळ आणि ॲपमध्ये उलटा?" कोकिळा पुटपुटली. तिने गॅलरी उघडून पाहिलीच नव्हती. गावात कोणीच पाहिली नव्हती. जिथे भीती दाखवली, तिथेच सगळे बघत बसले होते.

"ॲपमध्ये फोटो टाकलास की ॲप त्याची एक नक्कल स्वतःजवळ साठवून ठेवतं. तुझ्या मूळ फोटोला कोणी हात लावलेला नाही. नक्कल फिरवलीय." मिसबाहने पिशवीतून लॅपटॉप काढला. "हे मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पहिल्या महिन्यात शिकवते. बघ."

तिने थोडा कोड लिहिला, स्वतःचा मोबाईल वायरने लॅपटॉपला जोडला. मोबाईलच्या पडद्यावर मिसबाहचा फोटो आणि खाली एक बटण. "दाब."

कोकिळाने घाबरत दाबलं. मिसबाह उलटी झाली. कोकिळाने झटकन हात मागे घेतला.

"घाबरतेस काय! फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांच्या ओळी. कोडने सांगायचं, एकशे ऐंशी अंशात फिरव. पहिला ठिपका शेवटी जातो, शेवटचा पहिल्या जागी येतो. मग ती नक्कल जुन्या नकलेवर साठवायची. म्हणून मोबाईल बंद करून चालू केला तरी उलटाच दिसतो. आता पुन्हा दाब."

कोकिळाने दाबलं. मिसबाह सरळ झाली.

"उलटं करायला जी आज्ञा, तीच सरळ करायला. तुमचं अनुष्ठान म्हणजे तेच बटण दुसऱ्यांदा."

कोकिळाने बटणावरचं बोट काढलं. डोक्याला पटलं होतं, छातीला पटलं नव्हतं. "तू फिरवलास म्हणून तुझा फिरला. माझ्या घरात येऊन कोणी बटण दाबलं?"

"चांगला प्रश्न आहे," मिसबाह म्हणाली. "बघूच या."

मिसबाहचा भाऊ हसीब याचं चोपड्यात साड्यांचं दुकान होतं. दुकानाच्या काचेआड एक पुतळी उभी असे, रोज नवी साडी नेसलेली. मिसबाहने तिला हिरव्या साडीत उभं करून, डोक्यावर पदर देऊन, कडेने फोटो काढला. मग दोन मोबाईलवर एकाच खात्याने दर्पण ॲप उघडलं आणि दोन्हीत फोटो टाकला. नाव, कमलबाई. राहणार पाचोरा. नवरा कापसाचा मोठा व्यापारी. आजार, पोटात गाठ, ऑपरेशन ठरलेलं. मग एका मोबाईलचं नेट पूर्ण बंद करून टाकलं. दुसऱ्याचं चालू ठेवलं.

आठवडाही सरला नाही. नेट चालू असलेल्या मोबाईलवर घंटा वाजली. 'कमलबाई यांच्यावर सावट. त्वरित दर्पणनाथांच्या चरणी या.' फोटो उलटा. नेट बंद असलेल्या मोबाईलमध्ये कमलबाई तशाच सरळ, प्रसन्न.

दिपू घरी आली होती. सुई चालू होती. भिकुबाई कोकिळाशी बोलत नव्हत्या, आणि गावात कुजबुज होती की प्रेमराजच्या बायकोने पोरीवर मरण ओढवलं. सत्संगाच्या दिवशी मंडपात पाऊल टाकताना कोकिळाने ते दोन्ही मोबाईल पदराआड धरले होते. मिसबाह तिच्या शेजारी होती, पण बोलायचं कोकिळालाच होतं. गावाने बाहेरच्या बाईचं ऐकलं नसतं.

"महाराज," ती उभी राहिली. "माझ्या ओळखीच्या एका बाईंचा फोटो उलटा झालाय. पाचोऱ्याच्या कमलबाई."

स्वप्नीलने मान खाली घालून लॅपटॉपवर बोटं चालवली, महाराजांच्या कानाशी काहीतरी बोलला. महाराजांनी डोळे मिटले.

"दिसतेय. हिरवी साडी. सोज्वळ माउली. पोटात काळी गाठ आहे. रात्र रात्र तळमळते. नवऱ्याचा लाखोंचा धंदा असून घास गोड लागत नाही. तिला ऑपरेशनला नेऊ नका! इथे आणा."

"आणलंय, महाराज. पण त्यांना चालता येत नाही."

"उचलून आणा!"

हसीब मंडपात शिरला. त्याने कमलबाईंना कमरेला धरून आडवं उचलून आणलं होतं. हिरवी साडी, डोक्यावर पदर. गादीपुढे आणून त्याने तिला उभं केलं आणि पदर मागे सारला. गुळगुळीत टक्कल चमकलं.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "अव माय, हाई ते दुकाननी पुतळी शे!" मंडपात खसखस पिकली. "महाराज, गाठ कथी शे?" मागून कोणीतरी विचारलं, आणि हशा उसळला.

"लीला आहे ही! दर्पणाची परीक्षा पाहता, मूर्खांनो?" महाराज गरजले. "निर्जीवातही सिग्नल असतो! सत्यानाश होईल!"

शापाचा शब्द निघताच हशा एकदम विरला. पुढच्या रांगेतले लोक मागे सरकले. अजूनही, सगळं ठाऊक असून, कोकिळाला भीती वाटत होती. तिने दोन्ही मोबाईल वर धरले.

"बघा. हा एक, यात पुतळी उलटी. हा दुसरा, यात सरळ. बाई एकच, खातं एकच. याचं नेट आम्ही बंद ठेवलंय. यमाला यायला नेटपॅक लागतो का?" तिने कौतिककडे तो नेट बंद असलेला मोबाईल दिला. "भाऊ, तुम्हीच नेट चालू करा. ॲप उघडा."

कौतिकने नेट चालू केलं. ॲप उघडलं. एक गोल चकती फिरली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुतळी उलटी झाली.

मग मिसबाह बोलली, सोप्या शब्दांत. लॅपटॉपवरून यांचा माणूस ठरवतो कोणाला घाबरवायचं. आजारी कोण, सधन कोण, हे आपणच ॲपला सांगितलेलं असतं. आपला मोबाईल नेटवरून विचारतो, आज कोणाचं नाव आहे? तिकडून नाव येतं आणि फिरवायचा आकडा येतो. ॲप तो फोटो फिरवून साठवतं. दक्षिणा पोचली की तोच आकडा पुन्हा. "तुम्ही सगळे आत्ता आपापली गॅलरी उघडा. जे फोटो उलटे आहेत, ते तिथे बघा."

मंडपभर मोबाईल उघडले गेले. "सरळ शे," कोणी म्हणालं. "मना बी सरळ शे." "बठ्ठा सरळ शेतस!" सगळ्यांचेच फोटो सरळ होते.

स्वप्नीलने लॅपटॉप मिटला आणि उठला. प्रेमराज त्याच्या वाटेत जाऊन उभा राहिला. इतके दिवस मान खाली घालून बसणारा प्रेमराज. "बस खाली," तो म्हणाला.

लोक हसत होते, शिव्या देत होते, महाराजांची गादी ओढत होते. तेवढ्यात कौतिकचा आवाज आला. तो ओरडला नव्हता, तरी सगळे थांबले.

"मंग आम्ही बापले दवाखानातीन घर कसाले आनं?"

कौतिक मोबाईलकडे बघत होता. त्याच्या गॅलरीत शालिग्राम आबा सरळ होते, टोपी घातलेले, अर्धं हसणारे. "डॉक्टर म्हणत होता सुधारणा शे. मी सही करी. मी." त्याने महाराजांकडे पाहिलं. त्यांच्या हातातली माळ थांबली होती.

कोकिळा त्याच्याजवळ गेली. "भाऊ, मीही पोरीची सुई बंद केली होती. दिपू माझ्या मांडीवर धापा टाकत होती. तिच्या श्वासाचा वास आला म्हणून मी पळाले, नाहीतर आज मीही इथे अशीच उभी असते." भिकुबाई मागे बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडात घातला होता.

कोणीतरी फोन केला होता, पोलीस आले. महाराज आणि स्वप्नील, दोघांना गाडीत बसवलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला कौतिक स्वतः चोपड्याला गेला. लोक त्याला म्हणत होते, झालं गेलं, सोड. तो म्हणाला, माझा बाप गेलाय, हे लिहून द्यायलाच हवं.

कोकिळाला अजून भीती वाटते. संध्याकाळी दिपू थोडी मलूल दिसली तरी तिचा हात मोबाईलकडे जातो. पण आता ती डॉक्टरीणबाईंना फोन लावते. बाजारात, विहिरीवर बायका तिला विचारतात, तेव्हा ती एवढंच सांगते: भीती वाटली तर वाटू द्या, त्यात लाज कसली. पण घाबरलेल्या हाताने कोणाचं औषध बंद करू नका, दवाखान्यातून माणूस घरी आणू नका. चमत्कार दिसला तर आधी विचारा, हे कोण करतंय आणि कसं करतंय. उत्तर देता येत नाही म्हणून जो शाप देतो, त्याच्या हातात आपलं माणूस देऊ नका.